झोर्याचं कोठार

ओस्तापमामाला झोर्याला सायकलवरच जायचं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होतं आणि नंतर सायकल चालवता येईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते. झोर्या त्याचं जन्मगाव. तरुणपणी तिथून शहरात आला, तो पुन्हा गेलाच नाही.

पहाटे आम्ही दोघं सास्काटून शहरातून निघालो. वारा समोरून होता. दोन्ही बाजूंना जवस फुललेलं, इतकं निळं की रस्ता तळ्यातून गेल्यासारखा वाटत होता. मी फोनवर नकाशा उघडला, तसा मामा ओरडला, "ठेव ते खिशात, लारिसा! स्वतःच्या घरी जायला नकाशा लागतो होय?"

कॅनडातल्या आमच्या या सपाट मैदानात पाट्या कोणी वाचत नाही. रेल्वेकाठचं धान्याचं उंच कोठार दिसलं की गाव आलं. आधी त्याचं छप्पर उगवतं, मग हळूहळू भिंती. पृथ्वी गोल आहे हे इथल्या पोरांना सायकलवरच कळतं.

दुपारी तसंच एक छप्पर उगवलं.

"आलं बघ!" मामा म्हणाला.

पण ते जवळ येईचना. आम्ही पॅडल मारावं आणि कोठारानं तेवढंच मागे सरावं, असं चाललं होतं. मामाचे गुडघे कुरकुरत होते, तो गुणगुणत होता. मला उघड्या डोळ्यांनी झोपल्यासारखं वाटू लागलं.

समोरून आलेली पिकअप थांबली. आतली शेतकरीण म्हणाली, "आजोबा, एवढ्या वाऱ्यात निघालात कुठे?"

"झोर्याला. ते काय, दिसतंय."

"ते पुढच्या गावाचं, लिनफर्डचं कोठार! झोर्याचं केव्हाच पाडलं. गाव तर तुम्ही मागेच टाकलंत, ओढ्याच्या पुलाशी. आता तिथे आमचं जवस आहे. घाला सायकली मागे, सोडते."

मामानं मागे वळून पाहिलं.

"जाऊ या का गाडीतून?" मी विचारलं. "तुझे गुडघे…"

"गुडघे माझे आहेत," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "बाई, तुमचं पीक नाही तुडवणार."

"तुडवा हो थोडं," ती हसली. "घर तुमचंच ना?"

सायकली वळवल्या आणि कानांतलं वाऱ्याचं घोंगावणं एकदम थांबलं. वारा आता पाठीशी. मामाचे पाय पॅडलवर नुसते टेकलेले. जवसाच्या पाकळ्या दुपारपर्यंत गळतात. गळलेल्या निळ्या पाकळ्या रस्त्यावरून आमच्याच वेगानं उडत चालल्या होत्या.

पुलापाशी मामानं ब्रेक दाबला नाही. तो तसाच उतारावरून घसरत जवसात शिरला. सायकल मंदावत गेली आणि पिकातच थांबली.

"इथे कोणाचं घर होतं, मामा?"

"कोण जाणे," तो धापा टाकत म्हणाला. "पण आलो की नाही सायकलवर?"