मागच्या खोलीतली माऊ

आई शिवणयंत्रावर बसून शाळेच्या गणवेशांना खिसे लावत होती. मागच्या खोलीतून टरटर कागद फाटल्याचा आवाज येत होता. दारावरून कुणी गेलं की ती यंत्रावर पाय जोरात मारायची, म्हणजे तो आवाज बुडून जाई. माणूस पुढं गेलं की पुन्हा सावकाश. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की स्वतःच्या घरात आपण चोरासारखं वागतो, हे तिला जाणवतही नसे.

मागच्या खोलीत माऊ असायची. तिची मधली मुलगी, पंधरा वर्षांची. जन्मापासून हातपाय तिचं ऐकत नसत, मान डुलायची, बोलणं फक्त घरच्यांनाच कळायचं. समज मात्र शाबूत होती. या गावात बिऱ्हाड आणलं तेव्हाच बाबांनी बजावलं होतं, "इथं आपल्याला दोनच मुली. थोरली आणि धाकटी. अशी एक घरात आहे हे कळलं, तर थोरलीला कोण करून घेईल? रक्तातच खोट आहे म्हणतील."

बाबा दुष्ट नव्हते. माऊला आंघोळीला ते स्वतः उचलून नेत. पण लोकांच्या जिभेची त्यांना धास्ती होती, आणि त्या धास्तीपायी त्यांनीच मागच्या खिडकीला फळ्या ठोकल्या होत्या.

धाकटी चिमणी सुट्टीच्या दिवशी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर चित्रांच्या बाईंकडे जायची. लहान पोरं आणि मिसरूड फुटलेली मुलं तिथं एकत्र बसत. सध्या सगळे मिळून रद्दीचा, खोलीभर लांबीचा देवमासा करत होते. बांबूच्या सांगाड्यावर खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या थरावर थर चिकटवायच्या. चिमणी घरी आली की बाई जे शिकवत ते माऊला शिकवायची. माऊच्या हातात ब्रश ठरत नसे. पण कागद फाडायला तिला फार आवडे. चिमणी त्या पट्ट्या पिशवीत भरून वर्गात न्यायची.

त्या दुपारी दार वाजलं. दारात चित्रांच्या बाई उभ्या होत्या, नखांत वाळलेली खळ.

"चिमणी म्हणाली, पट्ट्या तिची मधली ताई फाडते," बाई म्हणाल्या. "तिलाही पाठवाल का? अशा ओबडधोबड कडांच्याच पट्ट्या चांगल्या धरतात. कात्रीच्या उचकटतात."

"पोरगी काहीतरी बडबडते हो," ती कशीबशी म्हणाली. "मधली कुणी नाही आम्हाला."

नेमकी तेव्हाच आत माऊ हसली. बाईंनी मागच्या दाराला बाहेरून लावलेल्या कडीकडे पाहिलं, मग आईकडे. "जागा आहे एवढंच सांगायला आले होते," म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

संध्याकाळी चिमणीला बोलणी बसली. पुढच्याच आठवड्यात थोरलीला बघायला पाहुणे यायचे होते. बाबांचा चेहरा उतरला. "बाहेर फुटलंच म्हणायचं. आता पाहुणे असताना तिनं चूं केलं तर संपलं सगळं."

पाहुणे यायच्या दिवशी बाबांनी झोपेच्या गोळ्या आणून आईच्या हातावर ठेवल्या. "अर्धी नको. मागं अर्धीवर मध्येच जागी झाली होती. दोन दे."

"दोन जास्त होतील हो."

"एका दिवसानं काही होत नाही. थोरलीच्या जन्माचा प्रश्न आहे."

आईनं गोळ्या पाण्यात विरघळवल्या. पेला माऊच्या ओठांना लावला. आईचा हात म्हणून माऊनं निमूट तोंड उघडलं.

पाहुणे वेळेवर आले. मुलगा, त्याची आई आणि मामा. थोरली चहा घेऊन आली. मुलाच्या आईनं विचारलं, "मुली दोघीच ना?"

"दोघीच," बाबा म्हणाले.

आईचे कान मागच्या दाराकडे लागले होते. इतकी वर्षं ती आवाजाला घाबरत आली होती. आज आवाज नव्हता. कूस बदलल्याची कुरकुर नाही, घशातली ती ओळखीची घरघरही नाही. कोण काय बोलतंय तिला कळेना. "पाणी आणते," म्हणून ती उठली आणि तिनं हळूच कडी काढली.

माऊचे ओठ निळसर पडले होते. आईनं नाकापाशी बोट धरलं. श्वास होता, पण इतका लांब लांब, की एक आल्यावर दुसरा येईल की नाही, याचा भरवसा वाटेना. हलवलं, गालावर चापट मारली. माऊ जागी होईना.

बाबा मागोमाग आले होते. त्यांचाही रंग उडाला. तरी ते कुजबुजले, "थोडा दम धर. पाहुणे आत्ता जातील."

"त्याआधी ही जाईल," आई म्हणाली.

तिनं माऊला उचललं. पंधरा वर्षांची मुलगी, पाय लोंबत होते. थोरलीनं धावत येऊन ते धरले. दोघी तशाच बैठकीत आल्या. मुलाच्या आईच्या हातातला कप तिथंच थांबला.

"ही माझी मधली मुलगी," आई म्हणाली. "तुमची गाडी खाली आहे ना? दवाखान्यात न्या."

मामा उठले आणि किल्ली घेऊन पुढं झाले. त्यांनी दवाखान्याच्या दारात सोडलं, आणि ती सोयरीक तिथंच मोडली.

डॉक्टरांनी माऊला वाचवलं. गोळ्या कुणी दिल्या विचारलं, तेव्हा आईनं काही लपवलं नाही. मुली किती, या प्रश्नावर ती "तीन" म्हणाली आणि तिला रडू फुटलं. बाबा भिंतीला टेकून खाली बसले.

थोरली त्यांच्याजवळ बसली. "मला एकदा विचारायचं तरी, बाबा. हिला लपवून सासरी गेले असते, तर जन्मभर माझं लक्ष त्या कडीकडेच लागून राहिलं असतं."

माऊ बरी झाल्यावर आई तिला चाकांच्या खुर्चीतून वाचनालयात घेऊन गेली. भर सकाळी, मधल्या रस्त्यानं. खिडक्या उघडल्या, बोलणी थांबली. पण खुर्ची ढकलायची होती म्हणून ती चालत राहिली. बाबा बरेच मागून येत होते, जणू त्यांचा काही संबंधच नव्हता. जिन्यापाशी मात्र ते पुढं झाले आणि त्यांनी माऊला उचलून घेतलं; मागून आईनं खुर्ची वर आणली.

वर एका बाईनं आपल्या मुलाला हाताला धरून उठवलं आणि घरी नेलं. चित्रांच्या बाईंनी तिला अडवलं नाही. त्यांनी रद्दीचा गठ्ठा माऊपुढं ठेवला, खळीचं पातेलं खुर्चीच्या उंचीवर आणलं आणि दोन मोठ्या मुलांना सांगितलं, "ही फाडेल, तुम्ही बुडवा. ती सांगेल तिथंच लावायचं."

"तिचं बोलणं कळत नाही, बाई."

"मग नीट ऐका."

आई दाराशी उभी होती. वर्ग सुटायच्या सुमारास एक अनोळखी बाई तिच्याजवळ आली. आजूबाजूला बघून, पदर तोंडाशी धरून अगदी हळू म्हणाली, "आमच्याकडेपण आहे एक. माळ्यावरच्या खोलीत असतो. कुणाला सांगू नका."

आईनं तिच्याकडे पाहिलं. ही भीती तिच्या चांगली ओळखीची होती.

"नाव काय त्याचं?" तिनं नेहमीच्या आवाजात विचारलं.