दाजींची मिळकत

बहिणीची मिळकत कमी पडते अशी अमेरिकेच्या व्हिसा सेंटरची मेल आली त्या दुपारी उन्मेषने आधी मिक्सर फोडला, मग भिंतीवरची भांड्यांची मांडणी उपटली. स्टीलचे डबे घरंगळत त्याच्या बायकोच्या, अनुयाच्या, पायाशी आले तेव्हा तिला कळलं, आता आपली पाळी. ती ओट्याला पाठ टेकून उभी राहिली. पाठीत मार बसला की लॅबच्या काउंटरवर दिवसभर बसणं जड जातं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"एकतीस हजार डॉलर," उन्मेष म्हणाला. "इतकी वर्षं तिकडे राहून माझी बहीण वर्षाला एकतीस हजार कमावते? आणि आपल्याला न्यायला लागतात सत्तेचाळीस. असं लिहून टाकते ती फॉर्मवर, आणि आपण बसायचं बोंबलत."

"राजसीताई शाळेच्या लायब्ररीत अर्धवेळ कामाला आहेत," अनुया म्हणाली. "तेवढाच पगार असेल."

एवढं बोलणंही पुरलं. पहिला ठोसा बरगडीत बसला, दुसरा कानशिलावर. ती खाली बसली तशी त्याने केस धरून तिला उठवलं आणि पुन्हा मारलं. बाहेरच्या खोलीत त्याचे वडील, अण्णा, खुर्चीतून उठले. त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली, टीव्हीचा आवाज वाढवला आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले.

अण्णांना हे नवं नव्हतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते अधिकारी होते, कंपनीच्या कॉलनीत राहायचे, तेव्हापासून मुलाने हात उचलला की खिडक्या लावायचं काम त्यांचंच. निवृत्तीनंतर पालेगावात, जिथे काल-परवापर्यंत भाताची खाचरं होती तिथे उठलेल्या एका टॉवरमध्ये, त्यांनी हा फ्लॅट घेतला. त्यांच्या मनात एकच गोष्ट पक्की होती, की उन्मेष अमेरिकेला गेला की सुधारेल. तिकडे कायदा कडक असतो. म्हणून राजसीला तिकडचं नागरिकत्व मिळालं त्याच वर्षी त्यांनी तिच्यामागे लागून भावासाठी अर्ज करायला लावला. भावा-बहिणींची रांग एवढी लांब, की अर्ज केला तेव्हा उन्मेषचं लग्नही झालं नव्हतं, आणि नंबर लागला तेव्हा त्याची मुलगी इरा अकरावीत होती. नंबर जवळ आला हे कळल्याबरोबर उन्मेषने एमआयडीसीतली शिफ्ट इनचार्जची नोकरी सोडली. कंपनीत कुणाच्या तरी अंगावर धावून गेला होता, तेही एक कारण होतं, पण घरी त्याने सांगितलं की आता काय, जायचंच आहे.

मेल आल्यानंतरच्या आठवड्यात, लॅब बंद व्हायच्या वेळेला, अनुयाच्या मोबाइलवर राजसीचा फोन आला. तिकडे सकाळ उजाडत होती.

"दादाने मारलं ना तुला?" राजसीने थेट विचारलं.

अनुयाने रक्ताच्या नमुन्यांचा ट्रे फ्रीजमध्ये ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावलं. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण त्या घरातल्या कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

"मारलं," ती म्हणाली.

राजसी म्हणाली, "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, माहितेय तुला? मी कॉलेजात होते. एका मुलाशी बोलताना दादाने पाहिलं आणि केसांना धरून जिन्यावरून खाली ओढत नेलं. पडदा फाटला. अण्णांनी डॉक्टरला सांगितलं, सायकलवरून पडली." तिचा आवाज सपाट होता. "त्या फॉर्ममध्ये मी खोटं काही लिहिलेलं नाही. माझा पगार एकतीस हजारच आहे. पण नवऱ्याची, यांची, मिळकत जोडता येते. घरात राहणाऱ्या माणसाने वेगळ्या करारावर सही केली, की त्याची मिळकत धरतात. यांची धरली तर सगळं आरामात बसतं. मी यांना सही करू दिली नाही."

"पण का?" अनुयाने विचारलं.

"तो फॉर्म म्हणजे सरकारला लिहून दिलेलं असतं, अनुया. की या माणसाला मी पोसेन. तो माझ्या घरात येऊन राहणार, मी त्याची जबाबदारी घेणार, आणि ती वर्षानुवर्षं सुटत नाही. मला नाही जमणार. अण्णांना तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मी माझाच आकडा लिहिला आणि बसले."

"तुम्ही बसलात," अनुया म्हणाली. तिच्या बरगडीत कळ उठली म्हणून तिने भिंतीचा आधार घेतला. "तुम्ही तिकडे बसलात आणि मार मी खाल्ला. अर्ज तुम्हीच केला होता ना? तेव्हाच का नाही म्हणालात? माझ्या पोरीने तिकडची कॉलेजं शोधून ठेवलीत."

राजसी रडायला लागली. "तू सांग. तू म्हणत असशील तर आज यांची सही घेते."

अनुयाने विचार करते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. पुढचे कितीतरी दिवस ती खरोखरच विचार करत राहिली. इराच्या टेबलावर अमेरिकेचा नकाशा होता. तिकडे गेल्यावर शेजारी पोलीस बोलावतात, असंही तिने ऐकलं होतं. कधी वाटायचं, हो म्हणावं. पण संध्याकाळी उन्मेषच्या चपलांचा आवाज जिन्यात आला, की तिच्या डोळ्यासमोर राजसीचं कधी न पाहिलेलं घर यायचं, आणि त्या घरातही कुणीतरी खिडक्या लावत असायचं.

दरम्यान उन्मेष गप्प बसलेला नव्हता. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, जीन्सच्या दुकानांच्या वर, चंदर नावाच्या एका सिंधी एजंटचं ऑफिस होतं. उन्मेष सगळे कागद घेऊन त्याच्याकडे गेला. चंदरने फॉर्म चाळला आणि हसला.

"साईं, इसमें तुम्हारे दाजी की इन्कम कहाँ है?" तो म्हणाला. "बहिणीचा मिस्टर कमावतो की नाय?"

"कमावतो. इंजिनीअर आहे तो."

"तो बस. उसका एक साइन पाहिजे. सिस्टर को मालूम होगा, फॉर्ममध्येच लिहिलंय. उसने छोड़ दिया." चंदरने कागद त्याच्याकडे सरकवले. "घर का मॅटर आहे, घर में निपटाओ. मेरा क्या काम?"

उन्मेष कॅम्प दोनहून पालेगावला आला तो रिक्षावाल्याशी भांडूनच. त्याच्या हाताची बोटं सोललेली होती. संध्याकाळची वेळ होती, इरा क्लासहून नुकतीच आली होती. त्याने कुणाकडेही न बघता टीव्हीशेजारच्या कपाटावर मोबाइल उभा करून ठेवला आणि राजसीला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर राजसी दिसली, हातात चहाचा कप. मागे तिचे मिस्टर, दाजी, बूट घालत होते.

"दाजींची सही का नाही घेतली?" उन्मेषने विचारलं.

"दादा, शांतपणे बोलू."

"शांतच आहे मी." तो आत गेला आणि अनुयाला मनगटाला धरून फरफटत कॅमेऱ्यासमोर घेऊन आला. "बघ नीट. तुला तिथून कळत नाही ना, इथे काय होतं ते? मी दाखवतो. दाजी सही करतो म्हणेपर्यंत दाखवतो."

आणि त्याने अनुयाचं तोंड खिडकीच्या ग्रिलवर आपटलं. तिला आधी दातांचा आवाज आला, मग रक्ताची चव. त्याने पुन्हा आपटलं. पडद्यावर राजसी किंचाळली, कप फुटला. अण्णा उठले आणि सवयीने खिडकीकडे निघाले, पण खिडकीपाशी अनुयाच होती, म्हणून ते मध्येच थबकले, आणि मग त्यांनी रिमोट उचलला.

"बाबा, सोडा तिला," इरा त्याच्या पाठीवर झेपावली. त्याने खांदा झटकून तिला फेकलं. ती काचेच्या टीपॉयवर पडली. काच फुटली. इरा उठून बसली तेव्हा तिच्या कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं, आणि ती हाताने ते पुसत वेड्यासारखी इकडेतिकडे बघत होती.

"करतो," पडद्यावरून दाजी ओरडले. "उन्मेष, थांब. मी सही करतो. आत्ता करतो. सोड त्यांना."

उन्मेष थांबला. त्याने अनुयाची मान सोडली. त्याच्या चेहऱ्यावर राग राहिला नव्हता, तो जवळजवळ समाधानाने हसत होता. "बघ," तो श्वास घेत म्हणाला, "एवढंच होतं. उगाच ताणलं तुम्ही."

त्या हसण्याने अनुयाच्या मनातला सगळा गुंता संपला. तोंडातलं रक्त तिने ओढणीला पुसलं आणि मोबाइलकडे वळली.

"दाजी, सही करू नका," ती म्हणाली. ओठ फाटल्यामुळे शब्द नीट उमटत नव्हते, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "करू नका. आज केलीत तर पुढचं सगळं तो असंच मिळवेल. तुमच्या घरात बसून मिळवेल."

उन्मेषने तिच्याकडे पाहिलं, मग इराकडे. तो इराच्या दिशेने गेला. त्याने खाली वाकून मुलीच्या वेणीला हात घातला तेव्हा अनुया स्वयंपाकघरात पोचली होती, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता होता. तिने तो त्याच्या कोपरावर घातला. हाड मोडल्याचा आवाज अण्णांनाही ऐकू गेला. उन्मेष गुरासारखा ओरडला आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर धावला. तिने गुडघ्यावर मारलं. तो फुटलेल्या काचेत आडवा झाला, तरी तिचा हात वर होताच.

"आई, बस," इरा म्हणाली. "बस झालं."

अनुयाचा हात तसाच राहिला. पुढचा घाव डोक्यात बसला असता, आणि तो घालायची तिची खरंच इच्छा होती. हे तिने नंतर पोलिसांना सांगितलं नाही, पण स्वतःपासून लपवलंही नाही. तिने हात खाली घेतला.

"अण्णा, दार उघडा," ती म्हणाली.

अण्णा हलले नाहीत. दार इराने उघडलं आणि ती जिन्यात जाऊन मोठ्याने हाका मारत सुटली.

सरकारी दवाखान्यात इराच्या कपाळाला टाके पडले. अनुयाचे पुढचे दोन दात गेले होते. बाहेर बाकावर अण्णा तिच्याशेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "अनुया, तक्रार नको देऊस. व्हिसाला पोलिसांचा दाखला लागतो. केस झाली की सगळं संपलं. इराचंही."

"इराचं मी बघेन," अनुया म्हणाली.

"त्याचा हात तू मोडलास. तेही येईल त्यात."

"येऊ दे. तेही मीच सांगणार आहे."

तिने पोलिसांना घडलेलं सगळं सांगितलं. राजसीने आणि दाजींनी तिकडून जे पाहिलं ते लिहून पाठवलं, आणि त्याच आठवड्यात राजसीने अर्ज मागे घेतला. एवढ्या वर्षांची रांग एका पत्राने संपली. उन्मेष दवाखान्यातून कोठडीत गेला, नंतर जामिनावर सुटला. पालेगावच्या घरी पाऊल टाकायचं नाही अशी अट होती, म्हणून बदलापूरला एका मित्राच्या खोलीवर राहिला. अण्णा त्याला डबा पोचवायला म्हणून गेले आणि तिकडेच राहिले. इरा मात्र आईशी धड बोलत नव्हती. नकाशा तिने स्वतःच फाडला होता, पण एकदा जेवताना म्हणाली, "तू दाजींना नाही म्हणालीस तेव्हा मला विचारलं नाहीस."

"नाही विचारलं," अनुया म्हणाली. "वेळ नव्हता."

इराने ताट उचललं आणि आत गेली. अनुया तिच्या मागे गेली नाही.

थंडीत राजसी आली. उल्हासनगरच्या कोर्टात तारीख होती, तिघी मिळून गेल्या. आवारातच उन्मेष भेटला. त्याचा हात अजून पूर्ण सरळ होत नव्हता. राजसीला पाहून त्याचा चेहरा उजळला, आवाज मऊ झाला.

"राजू, कधी आलीस?" त्याने तिचा हात हातात घेतला. "झालं गेलं सोड. अर्ज परत लाव. दाजी तयार आहेत ना? या वेळेला त्यांची मिळकत आधीच लिही."

"दादा, हात सोड."

"तू फक्त हो म्हण." तो अजून हसत होता, पण राजसीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तो तिची बोटं एकमेकांवर दाबत होता, मधल्या बोटातली अंगठी हाडात रुतेपर्यंत. आजूबाजूला वकील, पक्षकार, चहावाले होते, कुणाला काही दिसत नव्हतं. दिसलं ते इराला.

"हवालदार," इराने हाक मारली. तिचा आवाज अख्ख्या आवारात घुमला. "हा माणूस माझ्या आत्याला मारतोय. इकडे या."

लोक वळले. उन्मेषने हात सोडून इराकडे झेप घेतली, पण दोन हवालदारांनी त्याला मधेच धरलं. तो शिव्या देत होता, लाथा झाडत होता, एका हवालदाराची टोपी उडाली. राजसीने सुजलेला हात अनुयापुढे केला आणि म्हणाली, "माझंही लिहून घ्या म्हणावं. आजचं आणि कानाचंही."

"कानाचं जुनं झालं, ते नाही घेणार," अनुया म्हणाली. "तरी सांगा. मी येते बरोबर."

बाहेर पडायला त्यांना दुपार उलटली. रिक्षात इरा मध्ये बसली. राजसीची अंगठी सूज चढल्याने निघत नव्हती, म्हणून अनुयाने रिक्षावाल्याला आधी सोनाराच्या दुकानाकडे घ्यायला सांगितलं. खड्डा आला की राजसी दात आवळायची. इराने पर्समधून पाण्याची बाटली काढली, रुमाल भिजवला आणि आत्याचा हात मांडीवर घेऊन त्यावर ठेवला.