जोडलेले : एक

प्रतिभाने संगणकाला नोंदींचा साठा बंद करायची आज्ञा दिली आणि पडद्याकडे पाहत बसली. सव्वाअकरा झाले, तरी एकच ओळ हटून बसली होती. जोडलेले : एक.

"कोण हाय तो?" केंद्राचे प्रमुख भगवंत नवी डिस्क हातात घेऊन मघापासून उभे होते.

"सावळाराम. दुसरं कोण असणार."

जुन्नरच्या या केंद्रात बिबट्यांच्या चौदा वर्षांच्या नोंदी होत्या. दर शनिवारी अकराला गावोगावच्या नोंदणाऱ्यांनी साठ्यातून बाहेर पडायचे, मग साठा नीट बंद करून त्याची प्रत काढायची. सगळे बाहेर पडत. नारायणगावजवळच्या मळ्यातला सावळाराम मात्र नोंद उघडी टाकून बसे. प्रतिभा त्याला बळेच बाहेर काढी आणि नंतर फोनवर झापे.

"वायर ओढू का?"

"ओढा साहेब. मागं ओढलीत तवा तीन दिवस नोंदी जुळवत मी बसले व्हते. तुमी लग्नाला गेला व्हता."

भगवंतांनी डिस्क टेबलावर ठेवली.

नव्या डिस्कवरची ही पहिलीच प्रत. तिच्यात अर्धवट काही नको, म्हणून आज तिने आधी फोन लावला.

"सावळारामभाऊ, किती येळा सांगायचं? अकराला बाहेर पडा."

"पडतो ना ताई. धा मिनटं."

"नोंद लिहिताय का लग्नपत्रिका?"

"नोंद कवाच झाली. बिबट्या उसात बसलाय."

"मग बंद करा की ती."

"बंद केली की मेसेज थांबत्यात न्हवं." तो हळू बोलत होता. "उघडी हाय तवर दर पाच मिनटाला वस्तीवर मेसेज जातोय. लोकं काठ्या घेऊन रस्त्याला उभी ऱ्हात्यात. तुमी बंद केलं की त्यास्नी वाटतं, गेला बिबट्या. घरात जात्यात."

"पण शनिवारीच बरं तुमचं असं असतंय."

"शनिवारी शाळा सकाळची ना ताई. अकराला सुटती."

प्रतिभाने भिंतीकडे पाहिले. 'शनिवार, ११ वाजता. या वेळी काम कमी असते.' अक्षर तिचेच होते. सहा वर्षांत कागद कडेला पिवळा पडला होता.

"हे आजवर बोलला का न्हाईत?"

"बोलणार व्हतो. तुमी फोन आपटता."

भगवंतांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट टेकवले. तिने पाहिले न पाहिल्यासारखे केले.

"किती पोरं राहिलीत?"

"सात गेली. एक पोरगी मागं हाय. चप्पल तुटलीय तिची, हातात घिऊन येतीय."

"मग बोलू नका. तिच्याकडं बघा."

फोन खांद्याशी दाबून ती उठली. भिंतीवरचा कागद सोडवला, टेबलावर पालथा ठेवला आणि पुन्हा खुर्चीत बसली. पलीकडे उसाची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

"बाई, अजून किती?" भगवंतांनी विचारले.

तिने ओठांवर बोट ठेवले. पडद्यावर अजून एक होता.