जुन्या मालकाचे प्रताप

"मी घेतलं तेव्हाच असं होतं बरं का," असं म्हणत विल्मर हॉगनने फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्व्हर काउंटरवर ठेवलं. ठेवताना त्याने चेहरा इतका निरागस केला, की बत्तीस वर्षांच्या मास्तरकीत एखाद्या पोराने तसा चेहरा केला असता तर विल्मरने आधी त्याचे खिसे तपासले असते.

लायल पेट्रिचने नुसती मान डोलावली. ड्राय फोर्क गावात बंदुका दुरुस्त करणारा हा एकटाच, आणि त्याच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस पहिलं वाक्य हेच बोलायचा. अख्ख्या मोंटानात स्वतःच्या हाताने बंदूक बिघडवलेला माणूस एकही नव्हता. बिघडवायचा तो नेहमी जुना मालक. लायलने याबद्दल कधी कोणाशी वाद घातला नाही. बंदुकीला बांधायच्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर 'काय बिघडलं' यापुढे तो बिघाड लिहायचा, 'कोणी बिघडवलं' यापुढे 'जुना मालक' असं लिहायचा आणि कामाला लागायचा.

"बसा ना सर," लायल म्हणाला.

विल्मर स्टुलावर बसला. हे स्टूल लायलने नववीत असताना विल्मरच्याच सुतारकामाच्या वर्गात केलं होतं आणि एक पाय तोकडा कापून ठेवला होता. वर्गाचा नियम होता, आधी नाव, मग दुरुस्ती. ज्याने लाकूड वाया घालवलं त्याने त्यावर पेन्सिलीने आपलं नाव लिहायचं, तरच हॉगन मास्तर पुन्हा रंध्याला हात लावू देणार. स्टुलाच्या खालच्या बाजूला 'लायल पेट्रिच' हे नाव अजून वाचता येत होतं. त्या नावावर बूड टेकवून आपण धडधडीत खोटं बोलतोय, हे विल्मरला कळत नव्हतं अशातला भाग नाही.

खरा प्रकार असा होता. निवृत्त झालेला माणूस मासे धरतो, नाहीतर बायकोचं डोकं खातो. विल्मरला मासे आवडत नव्हते आणि बायको दोन वर्षांमागे गेली होती. मग त्याला जुनी रिव्हॉल्व्हरं घ्यायचा नाद लागला. शनिवारच्या बाजारातून एखादं स्वस्तातलं उचलायचं आणि घरी आणून 'जरा सुधारायचं'. लाकडात एवढा हात बसलाय, लोखंड काय वेगळं असणार, असं त्याला वाटलं. पण लाकूड बिचारं सोशिक. जास्त तासलं गेलं तर भुसा आणि सरस भरावा, वर पॉलिश मारावं, कोणाच्या बापाला कळत नाही. लोखंड असलं काही ऐकून घेत नाही. हे कळेपर्यंत तीन स्प्रिंगा आणि एका अंगठ्याचं नख खर्ची पडलं होतं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, आणि तो मारुतीसुद्धा धड उभा राहीना.

लायलने गोळ्यांचं चक्र बाहेर काढून सहाही घरं रिकामी असल्याची खात्री केली, दिवा जवळ ओढला आणि डोळ्याला भिंग लावलं.

"अरे देवा!"

"काय झालं?"

"स्क्रूंची डोकी बघा, सर. कशाने फिरवले असतील हे?"

लोणी लावायच्या सुरीने. "काय माहीत बाबा," विल्मर म्हणाला. "लोकांचा काही नेम नाही."

"आणि हे बाजूचं झाकण. लाकडी मुठीने हलकं ठोकलं की हे आपोआप सुटून येतं. या महाशयांनी ते रंगाच्या डब्यासारखं उचकटलंय."

"गाढव लेकाचा!"

"स्प्रिंगची दोन वेटोळी कापून टाकलीत."

"महागाढव!" विल्मर गरजला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. पण एकदा बोंब सुरू केली की मध्येच बंद करणं वाईट दिसतं, म्हणून त्याने आणखी जोर लावला. "असल्या माणसाच्या हातात कानस दिली कोणी? आधी त्याला धरला पाहिजे!"

"आणि झाकण परत बसेना म्हणून इथे काय लावलंय, ओळखा."

विल्मरला ओळखायची गरज नव्हती. "काय?"

"सरस. लाकडाचा."

"कमाल आहे," विल्मर बारीक आवाजात म्हणाला आणि स्टुलाच्या तोकड्या पायाकडे बघत राहिला.

लायलच्या ओठाचा कोपरा हलत होता. मग तो हलायचा थांबला. लायलने रिव्हॉल्व्हरचा मागचा, गोळीवर आपटणारा घोडा अंगठ्याने ताणला. कट् असा आवाज होऊन घोडा अडकला. मग चापावरचं बोट त्याने काढून बाजूला धरलं, विल्मरला दिसेल असं, आणि ताणलेल्या घोड्याला मागून अंगठ्याने जरासं ढकललं.

ठक्.

"चापाला बोट लावलं नव्हतं मी. बघितलंत ना?" त्याने पुन्हा करून दाखवलं. ठक्. "घोडा ज्या खाचेत अडकून राहतो, ती खाच एवढीशी असते. चाप हलका व्हावा म्हणून याने ती कानशीने घासलीय. आता घोडा ताणलेला असताना नुसता धक्का लागला तरी गोळी सुटणार. सर, स्क्रू, झाकण, सरस हे सगळं हसण्यावारी नेता येतं. हे नाही नेता येत. याने माणूस मरेल एखादा."



लायलने भिंग खाली ठेवलं. "सर, या जुन्या मालकाने आणखी कुठल्या रिव्हॉल्व्हरला हात लावला असेल का हो?"

लावला होता. एप्रिलमध्ये, धाकट्या बहिणीच्या, आर्डिसच्या वाढदिवसाला. आर्डिस विधवा, गावापासून अठरा मैलांवर कोंबड्या आणि एक म्हातारा कुत्रा घेऊन एकटी राहायची, आणि कोल्हे तिच्या खुराड्याभोवती घिरट्या घालायचे. विल्मरने तिच्यासाठी एक रिव्हॉल्व्हर घेतलं, आठवडाभर राबला आणि मुठीला निळी रिबीन बांधून तिच्या हातात ठेवलं. "चाप बघ कसा लोण्यासारखा केलाय!" तीच कानस आणि तीच खाच. उलट बहिणीसाठी आहे म्हणून दोन हात जास्तच मारले होते.

"मी काय त्याला ओळखतो थोडाच," विल्मर म्हणाला. "अरे हो, माझी स्टोव्हवर कॉफी राहिली." आणि तो टोपी तिथेच टाकून बाहेर पळाला.

पेट्रोल पंपावरून त्याने आर्डिसला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही. मग विल्मरने अशी गाडी पिटाळली, की मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न मारून त्याचा उद्धार केला. विल्मर स्वतःचा उद्धार स्वतःच करत होता. बहिणीचा जीव धोक्यात, आणि तोंडातून निघालं काय, तर कॉफी! त्याला कधी नव्हे ती भीती वाटत होती. त्यात आर्डिस हल्ली विसरभोळी झाली होती. दर रविवारी तो तिच्याकडे जेवायला जायचा. तिने कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानाचं कॅलेंडर स्वयंपाकघरातल्या कोठीच्या दाराला टांगलं होतं, तेही गुडघ्याच्या उंचीवर, आणि मेच्या पुढे त्याचं पान काही उलटलं नव्हतं. आता ऑक्टोबर लागला होता. "कोंबड्यांसाठी लावलंयस का गं?" असं त्याने एकदा चिडवलं, तर म्हणाली, "हो, अंडी घालायची तारीख कळावी म्हणून." अशी बाई घोडा ताणून ठेवेल आणि विसरून जाईल. तिचा कुत्राही हल्ली स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसे. तोही म्हातारा झाला असं विल्मरला वाटायचं.

अंगणात गाडी थांबली तेव्हा कोणी दिसेना. "आर्डिस! आर्डिस!" विल्मर बेंबीच्या देठापासून ओरडला.

आर्डिस हातात बादली घेऊन खुराड्यामागून आली. "काय भाऊराया, आज काय रविवार आहे? काही शिजवलेलं नाही हं मी."

"रिव्हॉल्व्हर कुठाय?"

"पिठाच्या डब्यात."

"भरलेलं?"

"डबा भरलेला आहे. ते रिकामं आहे."

विल्मर गाडीला टेकला आणि एका दमात सगळं बोलून मोकळा झाला. "मी ते बिघडवलंय गं. आतली खाच घासली मी. धक्का लागला तरी उडतं ते. बाजारात घेतलं तेव्हा चांगलं होतं. दुसरं कोणी नाही, मीच केलंय ते."

आर्डिसने बादली खाली ठेवली. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

ती त्याला आत घेऊन गेली आणि कोठीच्या दारावरचं ते कॅलेंडर तिने खिळ्यावरून उचललं. मागे दाराच्या फळीत बोट जाईल एवढं भोक होतं.

"मे महिन्यात कोल्हा आला होता," ती म्हणाली. "मी घोडा ताणून बाहेर गेले, तोवर तो पळाला. परत आले आणि तसंच टेबलावर ठेवलं. ठेवताना मुरंब्याची बरणी लागली त्याला. बास, एवढंच. गोळी दारातून आत. कोठीतल्या बिटाच्या लोणच्याच्या दोन बरण्या फुटल्या आणि दाराखालून लाल लाल वाहत आलं. मी खाली बसून स्वतःला चाचपत होते, रक्त कुठून येतंय म्हणून. मग कुत्र्याला चाचपला. त्याचं अंथरूण इथेच असायचं ना, दाराशी. वीतभर अंतराने वाचला तो."

"आणि तू... मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगू? रिबीन बांधून आणलं होतंस तू. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा कशात तरी तुझं मन रमलं होतं. रविवारी आलास की विचारायचास, चाप कसा आहे? मग मी म्हणायचे, लोण्यासारखा."

पाच महिने. दर रविवारी विल्मर त्या कॅलेंडरसमोर बसून कोंबडी आणि रस्सा ओरपत होता, वर स्वतःच्या कारागिरीचं कौतुक मागून घेत होता. तो तिथेच खुर्चीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. आर्डिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला कोंबड्यांच्या खाद्याचा वास येत होता.

थोड्या वेळाने तिने रिव्हॉल्व्हरवरचं पीठ झटकलं, फडक्यात गुंडाळलं आणि कोट चढवला. "चल."

"तू कशाला?"

"साठ वर्षं तू माझ्या चुका काढतोयस, विली. आज तू चूक कबूल करणार, आणि मी घरी बसू? वेड लागलंय का मला?"

लायलने दोघांना आत येताना बघितलं आणि स्टूल आर्डिसपुढे सरकवलं. विल्मर उभाच राहिला.

"हे दुसरं," तो म्हणाला. "दोन्ही मीच बिघडवलीत. जुना मालक वगैरे कोणी नाही."

"पहिलं तुमचं आहे हे माहीत होतं, सर," लायल म्हणाला. "कानशीच्या रेघा उलट्या तिरक्या होत्या. अख्ख्या तालुक्यात डावखुरे तुम्ही एकटेच. शिवाय तो सरस. त्याच्या वासात नववीचं वर्ष काढलंय मी."

"अरे मग! स्वतःला गाढव म्हणू कसं दिलंस मला?"

"तीस वर्षांत असा योग आला नव्हता, सर. सोडवेना." लायल हसला, मग त्याचा चेहरा उतरला. "पण दुसरं आहे का, ते माहीत नव्हतं. म्हणून विचारलं. तुम्ही कॉफी म्हणालात आणि पळालात, तेव्हापासून इथे एक स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही मी."

लायलने दोन चिठ्ठ्या काढल्या, 'काय बिघडलं' यापुढे बिघाड लिहिला आणि सवयीने पेन्सिल पुढच्या ओळीवर टेकवली.

"आण इकडे," विल्मर म्हणाला. त्याने पेन्सिल घेतली आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर, वर्गात फळ्यावर लिहायचा तशा ठळक अक्षरात, आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग हात पुढे केला. "अजून एक दे."

लायल दचकला. "तिसरंही आहे?"

"नाही रे. दारासाठी हवीय."

लायलला काही कळलं नाही. आर्डिसने त्याच्याकडून चिठ्ठी घेतली, भावाने त्यावर नाव लिहीपर्यंत थांबली आणि मग ती कोटाच्या खिशात घातली.

"रविवारी लवकर ये," ती म्हणाली. "आणि हत्यारं घेऊन ये. लाकूड येतं तुला."