चाटूनपुसून रिकामा डबा

रोज साडेचारला उठून नाचणीच्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईला कोणी म्हणालं, की नवऱ्याची तब्येत तुमच्याच हातात आहे, तर तिने काय करावं? हातातलं उलथनं फेकून मारावं, असं माझं मत आहे.

आमचे हे, गुंडो, बेंगळुरूजवळ होसकोटेच्या एका कारखान्यात क्रेन चालवतात. बावीस वर्षं झाली. मल्लेश्वरमहून सहाला कंपनीची बस निघते. गेल्या महिन्यात दुपारी तीनला वर केबिनमध्ये यांचा डोळा लागला. टांगलेला पाइपांचा गठ्ठा हेलकावला आणि खालची माणसं ओरडत पळाली. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा! पण यांना खाली उतरवून स्टोअरमध्ये बसवलं.

कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंचा मला फोन आला. "पांढरा भात बंद, गोड बंद. जेवल्यावर साखर चढते आणि मग माणूस पेंगतो. संध्याकाळपर्यंत पुरेल असं द्या. महिनाभर रोज तीनला तपासणार. सुधारलं नाही तर क्रेन कायमची विसरा."

क्रेन विसरायची? हा माणूस रविवारीसुद्धा गच्चीत उभा राहून समोरच्या बांधकामावरची क्रेन बघतो आणि 'चुकतोय तो' म्हणून पुटपुटतो.

मी पदर खोचला. नाचणीची भाकरी, मोडाच्या कुळथाची उसळ, भाज्या घालून राळ्याचा भात, भाजक्या दाण्यांची चटणी. आणि औषध म्हणून करायचं तर बेचव का करायचं? लसूण, हिंग, कढीपत्त्याची फोडणी, वर ओलं खोबरं. रोज डबा चाटूनपुसून रिकामा परत यायचा. मी तो घासताना खूश!

आणि तीनची तपासणी? जैसे थे. तीन आठवडे जैसे थे.

"खरं सांगा, बाहेर काही खाता का?" मी विचारलं.

"नाही गं. जेवतो तेवढंच."

मी चहाची साखर कुलपात ठेवली. यांच्या खिशांचे वास घेतले. काहीसुद्धा सापडलं नाही. मला वाटलं, आता मलाच वेड लागणार.

मग शुक्रवारी बाजारात यांच्यासोबत काम करणारा भीमसेन भेटला. कॉलेजातल्या पोरासारखा टवटवीत. "अक्का, तुमचे उपकार! तुमच्या राळ्याच्या भाताने माझी साखर उतरली बघा. प्रणीतची पण. चारपर्यंत भूक म्हणून नाही. स्वल्प जास्तच देत जा की डब्यात!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाजी तिथेच टाकून घरी आले आणि हे दारात दिसताच विचारलं, "माझा डबा कोण खातं?"

यांनी चपला काढायला नको तितका वेळ लावला. मग सगळं बाहेर आलं. हे, भीमसेन, प्रणीत आणि रघुनंदन, चौघांनी डबे मध्ये ठेवायचे आणि दुसऱ्यांचं होईपर्यंत स्वतःच्या डब्याला हात लावायचा नाही, हा यांचा बावीस वर्षांचा रिवाज. माझा डबा ते तिघे झाकण निघताच फस्त करायचे. आणि हे? रघुनंदनचं चित्रान्न. लिंबू पिळलेला ढीगभर पांढरा भात!

"अहो, क्रेन जाईल ना!"

"कळतं गं. पण इतकी वर्षं एकत्र जेवलो, आता आपला डबा ओढून कोपऱ्यात बसू? त्यात तुझा डबा उरला तर मी खाईन ना. तो उरतच नाही."

हात टेकले. आणि खोटं कशाला सांगू, इतक्या संतापातही ते शेवटचं वाक्य कानाला गोड लागलं.

आठच दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. मुद्दाम वाईट रांधलं. कुळीथ नुसते उकडले. भात कोरडा, फोडणी नाही, मीठ नावाला. हात तीनदा हिंगाच्या डबीकडे गेला, तीनदा मागे घेतला.

संध्याकाळी हे म्हणाले, "आज एकेक घास घेऊन सगळ्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. माझा डबा मलाच संपवावा लागला."

"सरी, ठीक आहे," मी म्हटलं आणि भांडी आपटत घासली. पुढचे सगळे दिवस तसाच बेचव डबा दिला.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी बसमधूनच यांचा फोन आला. "अगं क्षमा, पास झालो! सोमवारपासून वर!" आवाज इतका फुटला होता की मलाही रडू आलं.

घरी आल्यावर हे जरा घुटमळले. "भीमसेन विचारत होता, अक्कांना बरं नाही का. प्रणीत म्हणाला, वहिनींच्या हाताची चव गेली."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"विषय बदलला. मुद्दाम करतेस हे सांगितलं तर पुन्हा चवीचं मागतील आणि तेच फस्त करतील."

बरोबर होतं यांचं. त्याचाच जास्त राग आला.

सोमवारी बस गेल्यावर मी पातेल्यात उरलेल्या कुळथाला लसणाची सणसणीत फोडणी दिली, वर मूठभर खोबरं घातलं आणि ओट्याशी उभी राहून एकटीनेच खाल्लं. काय झाली होती उसळ! पण सांगते कोणाला?