धोंडुबाईची वाघर

आमच्या नातवाचं, दिग्विजयाचं, लग्न झालं ते साल १९९९, महिना वैशाख. त्याची हळद उतरायच्या आधीच त्याची बहीण समीक्षा सांगलीला कामावर पळाली. ती तिथं एका कचेरीत इंटरनेटची पानं लिहायची. महाबळेश्वरच्या एका हॉटेलाची चाळीस पानं येत्या शनिवारी तिथल्या मालकाला दाखवायची होती. पसंत पडली नाहीत तर ते काम जाणार, आणि सगळ्यांत नवी म्हणून समीक्षाही घरी बसणार. बुधवारी मी आणि माझी बायको धोंडुबाई लग्नाचे लाडू घेऊन तिच्याकडे चार दिवस राहायला गेलो आणि तिची कचेरी बघितली.

कचेरीत तिघंच: समीक्षा, शौनक नावाचा पोरगा आणि मालक भाऊसो. तिघांची लिहायची तऱ्हा तीन. पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या पानामागच्या इंग्रजी खुणा एकजण मोठ्या अक्षरांत लिही, दुसरा बारक्या. शीर्षक एकाचं हिरवं, तर एकाचं निळं. भाऊसो तर रंगाची खूण उघडत आणि बंद करायची विसरत, मग तो हिरवा रंग पार खालच्या दरपत्रकापर्यंत ओघळायचा. मी पंचावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलो. इंग्रजी मला येत नाही, पण ही गडबड मलाही दिसली.

धोंडुबाईनं पडद्याकडं बघितलं. "आगं, कुणाकुणाची मेंढरं एका कळपात घातलीत ही?"

"आजी, ही पानं हायती."

"हायती की. पर खूण कुणाची?"

आम्ही मेंढरं घेऊन फिरायचो तेव्हा संध्याकाळी ती वाघरीत, म्हणजे जाळीच्या वाड्यात, कोंडायचो. वाघरीला तोंड एकच, एका मेंढराएवढं. तिथं धोंडुबाई उभी राही. डाव्या पुठ्ठ्यावर गेरूचा पट्टा नसलेलं मेंढरू ती आत सोडत नसे. एकदा कवठे महांकाळच्या रानात मी म्हणालो, "माझी चारच बिनखुणेची हायती, जाऊ दे." तिनं सोडली. दुसऱ्या दिवशी ती चार दुसऱ्याच्या कळपात गेली आणि ती आपली आहेत हे पटवता पटवता माझा घसा बसला. तेव्हापासून तिनं ठरवलं, मालकाचं, म्हणजे माझं, मेंढरू आधी तपासायचं.

हे तिनं समीक्षाला तिखटमीठ लावून सांगितलं. समीक्षा तडक कामाला बसली. पान ओळीओळीनं वाचायचं आणि तिघांसाठी ठरवलेल्या एकाच नियमात न बसणारी ओळ दाखवून पान अडवायचं, असा एक प्रोग्रॅम तिनं लिहायला घेतला.

"खुणांना बारकीच अक्षरं का? मोठी रुबाबदार दिसतात," शौनक कुरकुरला.

"गेरू लाव न्हाईतर हळद लाव," धोंडुबाई म्हणाली, "पर समद्यांना एकच."

शुक्रवारी प्रोग्रॅम तयार झाला. समीक्षानं त्याचं नाव धोंडुबाईच ठेवलं आणि पहिलं पान भाऊसोंचं घातलं. एकेचाळीस चुका निघाल्या.

"आगं, मालकाचं पान हाय ते! सोड की!"

"आवं भाऊसो, म्हणूनच आधी," आजी आणि नात एकदम बोलल्या.

शौनक पोट धरून हसला. मग त्याचं पान घातलं. त्रेसष्ट.

"आता हस की रं गड्या," भाऊसो म्हणाले आणि स्वतःच्या चुका निस्तरायला बसले.

शनिवारी हॉटेलचे मालक नानासो आले. चाळीसही पानं त्यांनी सावकाश बघितली.

"एका हातानं लिहिल्यागत वाटतंय. कुणी लिहिलं?"

"लिहिलं तिघांनी," शौनक म्हणाला, "पण आत सोडलं धोंडुबाईनं."

ही कोण म्हणून नानासोंनी मान वळवली, तर धोंडुबाईनं त्यांच्यापुढं लाडवाचा डबा धरला. दोन लाडू खाऊन त्यांनी पुढच्या हंगामाचंही काम दिलं. समीक्षाची नोकरी राहिली.

पुढं कचेरीत "धोंडुबाईनं अडवलं!" अशी रोज ओरड असायची. रविवारी फोन आला की आमची ही आधी विचारायची, "भाऊसोंची किती अडवलीस?" दिवाळीनंतर समीक्षा म्हणाली, "आजी, आता एकबी न्हाई." ते ऐकून धोंडुबाईला जरा वाईटच वाटलं.

धोंडुबाई १४ डिसेंबर १९९९ रोजी, मंगळवारी सकाळी, दहिवडीला आमच्या घरी वारली.