डेल्मरचं वॉरंट

सँड प्लम काउंटीत सगळ्यात सरळमार्गी माणूस कोण, असं पेट्रोल पंपावर उभं राहून कुणालाही विचारा, डेल्मर कुबिचेकचंच नाव पुढे येईल. पंचावन्नची पाटी असली की हा गडी बावन्नवर चालवणार, मागे मक्याच्या ट्रकांची रांग लागली तरी बेहत्तर. ज्या चौकात मैलोन्‌मैल कुत्रंसुद्धा दिसत नाही, तिथेही 'थांबा' लिहिलंय म्हणून पूर्ण थांबणार, डावीकडे बघणार, उजवीकडे बघणार, मगच निघणार. लोक त्याचं कौतुक करत. मागच्या ट्रकांतले शिव्या देत.

आता खरं सांगायचं तर डेल्मर सरळबिरळ काही नव्हता, घाबरलेला होता. आपल्या नावाचं अटकेचं वॉरंट कोर्टात पडून आहे, याची त्याला पक्की खात्री होती. आणि ती आजकालची नाही, चाळीस वर्षांची.

झालं होतं असं. या गावात शाळेचं शेवटचं वर्ष संपलं की पोरांनी मुख्याध्यापकांची पिकअप ढकलत नेऊन भलत्याच जागी उभी करायची, हा रिवाज. एका वर्षी ती फुटबॉलच्या मैदानाच्या मधोमध सापडली, एका वर्षी गुरांच्या लिलावाच्या रिंगणात. डेल्मरच्या वर्षी पोरांनी बागेतला बँडचा चौथरा नक्की केला. सगळ्यांत हडकुळा म्हणून डेल्मरला स्टिअरिंगवर बसवलं आणि बाकीचे ढकलायला लागले. उतारावर ढकलणाऱ्यांचे हात सुटले. पिकअप चौथऱ्याला वळसा घालून थेट गुरांच्या तळ्यात गेली, डेल्मरसकट. बाकीचे पसार. शेरीफचा डेप्युटी आला तेव्हा डेल्मर टपावर बसून बूट पिळत होता. गाडीचोरीचा गुन्हा लागला, सोमवारी न्यायाधीशांपुढे हजर व्हायचं ठरलं. आणि रविवारी सकाळी बापाने, आंटोन कुबिचेकने, पोराला काकाच्या कापणीच्या टोळीबरोबर ओक्लाहोमाला गव्हावर पाठवून दिलं. "तू जा. इथलं मी बघतो," एवढंच म्हणाला.

पोरगं थंडीच्या तोंडावर परत आलं. बाप काही बोलला नाही, पोराची विचारायची हिंमत झाली नाही. या कुबिचेकांच्या घरात बोलण्यापेक्षा कुंपणं जास्त बांधली जात. कोर्टाची तारीख चुकवली म्हणजे वॉरंट निघालंच असणार, हे डेल्मरने स्वतःच ठरवून टाकलं. मग काय! लायसन्स नवं करायचं तर शेजारच्या काउंटीत. मतदानाला नाव घातलंच नाही, उगाच कुणी यादी चाळायला नको. लग्नसुद्धा कॅन्ससमध्ये जाऊन केलं. बायकोला, लव्होनला, सांगितलं की पळून लग्न करण्यात मजा असते. लव्होन बिचारी अजून मैत्रिणींना सांगते, माझा डेल्मर दिसतो तसा नाही, फार रंगेल आहे.

हे सगळं असंच निभावलं असतं. पण यंदा शाळेच्या बसचा ड्रायव्हर गुडघ्यांमुळे काम सोडून गेला, आणि डेल्मरला ती बस हवी होती. नुसती हवी नव्हती, मनापासून हवी होती. त्याची नात हेझल त्याच बसने जाणार होती, आणि धान्याच्या कोठारावरची नोकरी संपल्यापासून घरी बसून बसून त्याला लव्होनच्या भांड्यांचे आवाज पाठ झाले होते. अर्जावर एकच प्रश्न नडत होता: तुमच्यावर कोणता गुन्हा दाखल आहे का? 'नाही' लिहावं तर खोटं, 'हो' लिहावं तर बस गेली आणि वर बेड्या. शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचा होता. शाळा सगळं तपासणार होती. त्यात कोर्टातल्या ट्वायलाने दोन हिवाळे खपून जुनी सगळी प्रकरणं कॉम्प्युटरात घातली होती, आणि आता कुणाचं काही लपायचं नाही असं गावभर सांगत फिरत होती.

घरी नेटवर बघावं, तर त्याला कार्डाने पैसे लागतात आणि कार्डाचं बिल लव्होन ओळ न्‌ ओळ वाचते. राहिलं कोर्टातलं मशीन. ते फुकट, कुणीही यावं, कुणाचंही नाव टाकावं. फक्त एक अडचण होती. गावातलं कॅफे बंद पडल्यापासून म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा अड्डा कोर्टाच्या व्हरांड्यात हलला होता, आणि त्यांचं टेबल नेमकं त्या मशीनला चिकटून होतं.

मंगळवारी सकाळी डेल्मर टोपी डोळ्यांवर ओढून आत शिरला.

"अरे डेल्मर! तू आणि कोर्टात?" ऑर्विल ओरडला. ऑर्विलने जन्मभर गुरांचे लिलाव पुकारले, हळू बोलणं त्याला जमतच नाही. "कोण गेलं रे?"

"कुणी नाही गेलं. जमिनीची हद्द बघायची होती."

"हद्दी समोरच्या खोलीत. हे गुन्हेगारांचं मशीन आहे, बाबा."

"हो का? बरं, मग... शेतावर एक गडी ठेवायचाय. त्याचं बघतो."

"नाव काय त्याचं?"

जगात इतकी नावं आहेत, पण डेल्मरला एकही आठवेना. "ऑर्विल," तो म्हणाला.

"ऑर्विल म्हणजे मी?"

"मग? तू कामाला येणार असलास तर आधी बघायला नको?"

टेबल हसलं. डेल्मरला वाटलं, सुटलो. पण ऑर्विल पत्ते टाकून खुर्चीसकट सरकला. "टाक, टाक माझं नाव! बघू तर काय काय लिहून ठेवलंय माझ्याबद्दल."

नाव टाकलं. खरंच आलं की! डुकरं मोकाट सोडली म्हणून दंड. परवान्याशिवाय मासेमारी. आणि सार्वजनिक शांतता भंग.

"शांतता भंग कसली?" डेल्मरने विचारलं.

"चर्चमध्ये केकचा लिलाव पुकारला होता," ऑर्विल छाती फुगवून म्हणाला. "शेजारच्या गावातून तक्रार आली."

झालं, आता काय विचारता! सगळ्या म्हाताऱ्यांना चेव चढला. माझं बघ, माझं बघ! एकाचे दोन गुन्हे निघाले तर दुसऱ्याचं तोंड उतरलं. एकाचं काहीच निघालं नाही, तो ट्वायलाच्या खिडकीशी जाऊन भांडायला लागला की एकाहत्तर साली मी ट्रॅक्टरची शर्यत लावली होती, ती कुठे गेली? ऑर्विल लिलावाच्या सुरात पुकारत होता, "तीन गुन्हे, तीन गुन्हे, चार कोण देतो, चार?" ट्वायला खिडकीतून ओरडली, "अहो, हे कोर्ट आहे, बाजार नाही!" आणि स्वतःच बाहेर येऊन खुर्ची ओढून बसली.

डेल्मर मात्र एकेकाचं नाव पुढे करत होता. आपलं येऊ नये, एवढाच हिशोब. सगळे संपले. ऑर्विलने बोट वळवलं. "आता तू!"

"सर राहिलेत की!" डेल्मर घाईघाईने म्हणाला. "सरांचं नको बघायला?"

टेबलाच्या टोकाला एल्डन रासमुसेन सर बसले होते. तेच मुख्याध्यापक, आता शहाऐंशी वर्षांचे, हातात मनुका भरलेला गोड पाव, कोलाचे, घेऊन निवांत. "बघा," सर म्हणाले. "माझं काही सापडलं तर बायकोला सांगू नका."

डेल्मरने सरांचं नाव टाकलं आणि तिथेच फसला. मशीन काही फक्त आरोपींची नावं शोधत नव्हतं. पडद्यावर एकच ओळ आली, आणि ऑर्विलने ती, सवयीप्रमाणे, गुरं रिंगणात आल्यासारखी पुकारली: "फिर्यादी, एल्डन रासमुसेन! आरोपी, डेल्मर... कुबिचेक?"

चाळीस वर्षं ज्या क्षणाला भीत आलो तो आला, आणि तोही ऑर्विलच्या तोंडून. आता कसली बस नि कसलं काय! हेझलच्या शाळेच्या पायरीवर आपल्याला कोण उभं करणार? तो सावकाश उठला, टोपी काढली, दोन्ही हात पुढे केले.

"ट्वायला, शेरीफला बोलाव. मी पळणार नाही," तो म्हणाला. "फक्त लव्होनला मला सांगू दे. तुमच्यापैकी कुणी सांगितलं तर ती मला ठेवायची नाही."

"काय सांगायचंय?" ट्वायलाने चष्मा वर केला.

"वॉरंटचं."

"कसलं वॉरंट? वाचता येतं ना तुला? खाली बघ की, प्रकरण काढून टाकलंय. त्याच सोमवारी, सकाळी सकाळी."

डेल्मरने वाचलं. पुन्हा वाचलं. मग सरांकडे बघितलं.

"मीच गेलो होतो न्यायाधीशांकडे," सर कोलाचे खाली ठेवत म्हणाले. "त्यांना म्हटलं, चोरी कसली? दरवर्षी त्या दिवशी दार उघडं टाकून किल्ली मी स्वतःच सीटवर ठेवतो. नाहीतर ही गाढवं काच फोडतात. न्यायाधीश इतके हसले! तेसुद्धा याच शाळेचे. पण तुला हे माहीत नाही? तुझ्या बापाला मी त्याच दुपारी जाऊन सांगितलं होतं!"

"बाबांना माहीत होतं?"

"माहीत म्हणजे! तू सुगीवरून आलास तेव्हाही मी विचारलं, पोराला सांगितलंस ना? तर म्हणतो कसा, पोरगं आत्ता कुठे सरळ चालायला लागलंय, सर. इतक्यात नको. लग्नात सांगतो."

"आणि लग्न मी कॅन्ससमध्ये केलं," डेल्मर पुटपुटला.

आधी ट्वायला हसली. मग ऑर्विल. मग अख्खा व्हरांडा असा हसला की वरच्या मजल्यावरून न्यायाधीशांचा माणूस वाकून बघायला आला. डेल्मर खुर्चीत बसला, हसला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. चाळीस वर्षं! रागही आला होता, सुटल्यासारखंही वाटत होतं, आणि बाप आत्ता समोर असता तर त्याला मिठी मारावी की हाणावं हेच कळत नव्हतं.

"पण एक पण गुन्हा नाही तुझा," ऑर्विल हळहळून म्हणाला. "काय तोंड दाखवणार तू या टेबलावर?"

"बस मात्र मिळेल," सर म्हणाले. "शाळेच्या मंडळाला मी सांगेन, चाळीस वर्षं रस्त्यावर याच्या गाडीमागे मी अडकतोय. पोरं याच्याकडे द्यायला मला अजिबात भीती नाही."

अर्ज डेल्मरने तिथेच, पत्त्यांच्या टेबलावर भरला. त्या प्रश्नापुढे ठळक 'नाही' लिहिलं. मग ट्वायलाकडून आणखी एक कागद मागून घेतला, मतदार नोंदणीचा. तिने पेनही पुढे केलं.

घरी जाताना तो दफनभूमीकडे वळला. बापाच्या दगडापुढे टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "एक शब्द! एक शब्द बोलला असतात तर काय जिभेला फोड येणार होते? हायवेवर लोकांनी मला काय काय म्हटलंय, माहितीये?" दगडाने अर्थातच उत्तर दिलं नाही. आंटोन कुबिचेक जिवंतपणीही फारसं देत नसे. "मी बस चालवणार आहे, बाबा. शाळेची. हेझल पहिल्या सीटवर बसणार म्हणतेय." त्याने दगडावरचं वाळकं गवत हाताने झाडलं. "ती तुमच्या न सांगण्यामुळेच मिळतेय म्हणायची. पण तरीही."

तो पिकअपमध्ये बसला. दफनभूमीच्या रस्त्यावर फाटकापर्यंत ताशी दहा मैलांची पाटी आहे. डेल्मरने मागे वळून एकदा दगडाकडे बघितलं, काच खाली केली, बापाला नीट ऐकू जाईल असा हॉर्न वाजवला, आणि बारावर नेली.